१२,३४,५६,७८९ चे मूळ अवयव हाताने कसे काढावेत

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की ही संख्या तयार होते. लहान मूलही ती म्हणून दाखवते, पण तिचे अवयव विचारले तर मोठेही थबकतात. कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटे एवढे पुरते.

आधी अंकांची बेरीज करा. ती ४५ येते, म्हणून ९ ने भाग जातो. अंकांची अदलाबदल कशीही केली तरी ही बेरीज तीच राहते, त्यामुळे एक ते नऊ अंक एकेकदा वापरून मूळ संख्या कधीच बनत नाही. पण ४५ ने मात्र आपल्या संख्येला भाग जात नाही, कारण शेवटी ९ आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटले. १७२९ तशी आहे (१९ × ९१), ही नाही.

९ ने भागून १,३७,१७,४२१ उरतात. यांची बेरीज २६, म्हणजे ३ चे काम संपले.

आता ७, ११ आणि १३ एकदम तपासा. सुरुवातीच्या १२,३४,५६,७८९ चे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा. लाख-कोटींचे स्वल्पविराम इथे विसरायचे. ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. या ४५६ ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणून सुरुवातीच्या संख्येलाही नाही. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे ही कसोटी चालते.

यापुढे १७, १९, २३ असे भागत गेलात तर पाचशेच्या आसपास भागाकार करावे लागतील. त्याऐवजी सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माची रीत वापरा. शाळेतले सूत्र आठवा: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). उरलेल्या संख्येचे वर्गमूळ ३७०३ च्या थोडे पुढे आहे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात करा.

३७०४² = १,३७,१९,६१६. यातून १,३७,१७,४२१ वजा केले की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही.

३७०५² = १,३७,२७,०२५. वजा केल्यावर ९६०४. हा ९८ चा वर्ग!

म्हणजे अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. मला ही जागा फार आवडते: पाचशे भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत उरकले. दोन्ही अवयव मूळ आहेत का, याची खात्री ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून करा. ते मूळच आहेत.

१२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

विभाजक किती, हे घातांकांत एकेक मिळवून गुणले की कळते: ३ × २ × २ = १२.

अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही रीत लवकर फळते. उलट क्रमाची ९८,७६,५४,३२१ घ्या. तिथे साधा भागाकारच बरा, कारण ९ काढल्यावर १७ ने दोनदा भाग जातो आणि ३,७९,७२१ उरतात.