परसबागेच्या संस्थेत घरून काम : अर्ज करण्यापूर्वी

‘कार्यक्रम समन्वयक, शालेय परसबाग प्रकल्प. घरून काम, अधूनमधून प्रवास.’ अशी जाहिरात निघाली की येणाऱ्या बहुतेक अर्जांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : मला लहानपणापासून झाडांची आवड आहे. मी आधी तालुक्यावर कार्यकर्ती होते, मग घरात बसून समन्वयाचं काम केलं, आणि हल्ली असे अर्ज वाचायचं कामही वाट्याला येतं. झाडांची आवड असावी, पण पगार त्याचा मिळत नाही. बाग लावणारे हात गावात आहेतच : शिक्षक, मुलं, खिचडी शिजवणाऱ्या ताई, संस्थेचे फिल्डवाले. तुम्हाला नेमायचं ते या सगळ्यांचा मेळ घालायला. वेळेवर बियाणं पोचलं का, माहिती आली का, आलेली माहिती खरी आहे का, आणि पैसे देणाऱ्याला अहवाल गेला का, हे बघायला.

म्हणून अर्जात आधी ते लिहा. बँकेत, कॉलेजच्या एनएसएसमध्ये, बचत गटाच्या हिशेबात, अगदी सोसायटीच्या कमिटीतही लांबच्या माणसांकडून काम करून घेतलं असेल तर ते सांगा. किती माणसं, कसला पाठपुरावा, शेवटी काय हातात आलं. एक्सेल येतं एवढंच लिहू नका, त्यात काय केलंत ते लिहा. युनिकोडमध्ये मराठी टाइप करता येत असेल तर तेही ठळक लिहा. जाहिरात आणि मुलाखतीचा मेल इंग्रजीत असला तरी फिल्डवरचं सगळं मराठीतून येतं, आणि ते टाइप करणारं कुणी नसेल तर फार हाल होतात. कोबोटूलबॉक्स या मोबाइलवरून माहिती गोळा करायच्या साधनाचं मोफत खातं उघडून दहा प्रश्नांचा एक फॉर्म बनवून बघा. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागात रेंज नसताना फॉर्म मोबाइलवर भरून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा, ही सोय त्यात आहे. मुलाखतीत याबद्दल चार वाक्यं स्वतःच्या अनुभवाने बोलता आली की फरक दिसतो.

अर्ज पुढे सरकला की बहुधा एक छोटी परीक्षा होते. पुष्कळ जण अडतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक शीट पाठवतात : शाळांची नावं, बागेचं क्षेत्रफळ, लावलेल्या भाज्या, महिन्यात निघालेली भाजी. आणि सांगतात, यावरून एक पानाचा अहवाल लिहा. शीट उघडल्यावर क्षेत्रफळाच्या रकान्यात एका शाळेपुढे ‘अर्धा गुंठा’, दुसरीपुढे ‘४००’, तिसरीपुढे ‘शाळेच्या मागे’. उत्पन्नात कुठे ‘६ किलो’, कुठे ‘मेथी ४ जुड्या’, कुठे ‘मुलांनी खाल्ली’. ही मुद्दाम केलेली गंमत नव्हे, खरीखुरी माहिती अशीच येते. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट होतात, तेवढं गणित करून टाका. ‘४००’ म्हणजे चौरस फूटच असेल असं मात्र गृहीत धरू नका. आणि जुडीचे किलो मनाने ठरवू नका, कारण जुडी प्रत्येक गावात वेगळी असते. आम्हाला आवडलेला एक पेपर असा होता : जे बदलता येत होतं ते त्या मुलीने बदललं, उरलेल्या रकान्यांना पिवळा रंग दिला, आणि खाली कार्यकर्त्याला पाठवायचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मराठीत लिहिला. ‘दादा, मेथीची एक जुडी काट्यावर ठेवून वजन कळवाल का? फोटो पाठवलात तरी चालेल.’ तिचा अहवाल जेमतेम पाऊण पान होता. निवड तिचीच झाली.

मुलाखतीत बागेवरचा एक प्रश्न हमखास येतो : मे महिन्यात पाणी कोण घालणार? शाळेला सुट्टी, टाकी रिकामी, शिक्षक आपापल्या गावी. ‘ठिबक सिंचन बसवू’ हे उत्तर ऐकून ऐकून सगळे कंटाळलेत. टाकीतच पाणी नाही तर ठिबकणार काय! त्यापेक्षा वर्षाचा हिशेब मांडा. मेथी-पालक महिन्याभरात काढणीला येतात, तेव्हा पावसाळ्यात आणि थंडीत दोन-तीनदा घेता येतात. उन्हाळ्यात पालेभाजीचा हट्ट सोडायचा, बियाणं काढून ठेवायचं, आणि शेवगा, कढीपत्ता अशी तग धरणारी झाडं कुंपणाला ठेवायची. शाळा सुरू असताना हात धुण्याच्या नळाचं पाणी अळू-केळीकडे वळवायचं. सुट्टीत कुणी बघायचं हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मार्चमध्येच ठरवून घ्यायचं. बागेला हात न लावताही एवढं बोलता येतं, फक्त आधी एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन गुरुजींशी तासभर गप्पा मारा.

‘रिमोट’ची बाजूही तपासतात. फोन कधी करता? परिपाठाच्या वेळी केला तर मुख्याध्यापक उचलत नाहीत, बाजाराच्या दिवशी कार्यकर्ता सापडत नाही. एकाच बागेचा फोटो दोन शाळांच्या नावाने आला तर काय कराल, असंही विचारतात. इथे कडक शिस्तीचं भाषण नको. आधी फोन करून विचारेन, मग पुढच्या भेटीत स्वतः बघेन, एवढं पुरे.

आता तुम्ही विचारायचे प्रश्न. संकोच करू नका, विचारणारा उमेदवार वाईट दिसत नाही. पहिला : पगार कुठल्या पैशातून येणार? कंपनी कायदा २०१३ नंतर परसबागांचे बरेच प्रकल्प सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या, पैशावर चालतात, आणि तो पैसा पुष्कळदा वर्षाच्या मुदतीचा असतो. म्हणजे तुमचा करारही तेवढाच. परदेशी निधी असेल तर त्यासाठीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, त्यामुळे तुमचं पद कार्यक्रमाच्या खर्चात धरलंय की ऑफिसच्या, याने टिकण्याची शक्यता बदलते. दुसरा : नोकरी की ‘कन्सल्टंट’? कन्सल्टंट असाल तर बहुधा १० टक्के टीडीएस कापून रक्कम हातात येते, पीएफ नाही, भरपगारी सुट्टीही नाही. आकडा मोठा दिसतो, पण हिशेब घरी बसून करा. तिसरा : ‘अधूनमधून प्रवास’ म्हणजे महिन्यातले किती दिवस, एसटीचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च आगाऊ मिळतो की बिलं लावल्यावर? मुलींनी मुक्कामाची सोय काय, हे स्पष्ट विचारावं.

संस्थेची चौकशी अर्जाआधीच करा. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे का, वार्षिक अहवाल आणि ऑडिट केलेला ताळेबंद वेबसाइटवर आहे का, अहवालातल्या बागा कुठल्या तालुक्यातल्या आहेत. नोंदणी शुल्क किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं तर तिथेच थांबा.

अर्जाची वेळही लक्षात असू द्या. शाळेच्या बागांचं काम जूनमध्ये सुरू होतं, सीएसआरचं वर्ष एप्रिलमध्ये. त्यामुळे अशा जागा बऱ्याचदा मार्च ते मे या काळात निघतात आणि माणूस लगेच हवा असतो. नोटीस पीरियड किती आहे ते अर्जातच लिहून टाका.