नोकरी सोडून गेलेल्याचा ॲक्सेस: क्लाउड सर्व्हरवर या चुका टाळा

माणूस नोकरी सोडून गेला. एचआरने ईमेल बंद केला, ॲडमिनने सर्व्हरवरचं अकाउंट लॉक केलं, यादीत टिक झाली. तरीही तो घरबसल्या लॉगिन करू शकतो, आणि अनेक ठिकाणी याचा कुणाला पत्ताही नसतो.

लिनक्सच्या 'युजरमॉड' कमांडच्या कॅपिटल 'एल' ऑप्शनने फक्त पासवर्ड लॉक होतो. पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये हॅशच्या (पासवर्डच्या सांकेतिक रूपाच्या) आधी एक उद्गारचिन्ह लागतं, बस. क्लाउडवर लोक सहसा एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) कीने, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने, आत येतात, आणि उबंटू लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये की तपासताना त्या उद्गारचिन्हाकडे कुणी बघत नाही. अकाउंट खरोखर बंद करायचं तर त्याच कमांडला 'एक्सपायरडेट'ची व्हॅल्यू 1 द्या. मग अकाउंटची मुदत 2 जानेवारी 1970 लाच संपली, असं सिस्टिम धरते. कुणाची की चालेल ते लिहिलेल्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमधली त्याची ओळ काढा. चालू सेशन यानेही तुटत नाही, ते वेगळं मारावं लागतं. क्रॉनटॅबवरही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीवर) एक नजर टाका.

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) कन्सोलमधून की-पेअर डिलीट केली की काम झालं, असंही बरेच जण धरून चालतात. सर्व्हरच्या आत पडलेली पब्लिक की (जोडीतला सर्व्हरवर राहणारा भाग) त्याने हलतसुद्धा नाही.

अर्थात, ही कसरत प्रत्येकाचं स्वतंत्र अकाउंट असेल तरच उपयोगाची. प्रत्यक्षात सगळ्या टीमचं मिळून 'उबंटू' किंवा 'ईसीटू-युजर' हे एकच अकाउंट, एकच पेम फाइल (जोडीतली खाजगी की), आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर! एक जण गेला की सगळ्यांची की बदलावी लागते, म्हणून कुणीच बदलत नाही. रात्री डेटाबेस उडाला तर लॉगमध्ये नाव एकच, 'उबंटू'. प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्या. तेवढं होईपर्यंत निदान त्या एका अकाउंटमध्ये प्रत्येकाची आपापली पब्लिक की टाका. लॉगिनच्या नोंदीत कीची फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, येते, त्यावरून आत कोण आलं होतं ते कळतं.

पासवर्ड लॉगिन बंद केलं, तरी चालूच?

एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड लॉगिनसमोर 'नो' लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी पासवर्ड विचारला जातोय. अशा वेळी शेजारच्या 'कॉन्फिग डॉट डी' फोल्डरमध्ये '50-क्लाउड-इनिट' नावाची फाइल शोधा. तिच्यात 'येस' असेल तर तेच लागू होतं, कारण एसएसएच पहिली सापडलेली व्हॅल्यू धरतं आणि उबंटूत ते फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच जोडलेलं असतं. 'एसएसएचडी' कॅपिटल 'टी' लावून चालवा. सगळ्या फाइली मिळून शेवटी काय ठरलं ते दिसतं. रीस्टार्टआधी स्मॉल 'टी'ने चुका तपासा. आणि हो, जुनं सेशन उघडं ठेवूनच दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.

सुडो दिलं नाही, पण डॉकर ग्रुप दिला

म्हणजे रूटच दिलं, सुडोने मिळतो तोच सर्वाधिकार. डॉकर हे कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात प्रोग्रॅम, चालवायचं साधन; त्याच्या ग्रुपमधला माणूस होस्टची (मूळ सर्व्हरची) अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करू शकतो.

नुसता कन्सोलचा पासवर्ड बदलणं

जून 2014 मध्ये 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या एडब्ल्यूएस पॅनलचा ताबा एका हल्लेखोराने मिळवला आणि पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, पण त्याने आधीच जादा लॉगिन करून ठेवली होती. तिथून त्याने डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), बकेट (फाइलींची साठवण) उडवायला सुरुवात केली. बॅकअपसकट बराच डेटा गेला आणि कंपनी बंद पडली.

म्हणून आधी आयएएमचा (एडब्ल्यूएसमधल्या युजर आणि अधिकारांच्या व्यवस्थेचा) क्रेडेन्शियल रिपोर्ट काढा. कुठला युजर, कुठली ॲक्सेस की (प्रोग्रॅममधून एडब्ल्यूएस वापरायची), शेवटची कधी वापरली, एमएफए (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) आहे की नाही, सगळं एका सीएसव्हीत येतं. एडब्ल्यूएस अकाउंटच्या रूट (मालक) युजरची ॲक्सेस की दिसली तर ती आधी काढा; ती असण्याचं काही कारणच नाही. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या अकाउंटमध्ये हवीच.

लॉगचंही तेच. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवावे लागतात, आणि क्लाउडट्रेलची (एडब्ल्यूएसमध्ये कुणी काय केलं त्याची नोंद ठेवणाऱ्या सेवेची) इव्हेंट हिस्टरी 90 दिवसांचीच दिसते. वेगळा ट्रेल करून तो दुसऱ्या अकाउंटमधल्या बकेटमध्ये पाठवा, आणि त्या बकेटवर डिलीटचा अधिकार रोजच्या ॲडमिनकडे ठेवू नका.