चंद्रतालला बंद पडलेली बुलेट

हिमाचलमधल्या चंद्रताल तळ्याकडे निघालो होतो. ग्राम्फूपासून बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे दगड, धूळ आणि मधूनमधून ओढे. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, म्हणून अलीकडच्या कॅम्पजवळ मुक्काम केला. सकाळी बाटलीतलं पाणी गोठलेलं आणि माझी जुनी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बुलेट किका मारून मारून पाय दुखला तरी ढिम्म! पेट्रोलचा मात्र भरपूर वास येत होता.

स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) काढला तर काजळीने काळाकुट्ट आणि ओला. कारण सरळ आहे: ४,२०० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि प्लग भिजतो.

प्लग पॉलिश पेपरने घासला, गाडीपासून लांब नेऊन स्टोव्हच्या आचेवर कोरडा केला. एअर फिल्टर झटकला, मूठभर धूळ निघाली. कार्ब्युरेटरवरचा हवेचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा वाढते. थ्रॉटल पूर्ण उघडून चार रिकाम्या किका मारल्या, मगच प्लग बसवला. तिसऱ्या किकेला ती धडधड ऐकली आणि डोळ्यांत पाणीच आलं.

पुढच्या कुंझुम खिंडीचा चढ कुरकुरत का होईना, पार केला. जास्तीचा प्लग आणि पाना सोबत ठेवाच. खाली मनालीत उतरल्यावर स्क्रू आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर इंजिन तापतं.