हॉट रॉडचं फ्रंट एंड जोडायच्या आधी, आणि ग्रीसचं भोक

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी बदलून बांधलेली वेगवान गाडी. इथे जुन्या फोर्डच्या पद्धतीचं फ्रंट एंड (पुढच्या चाकांची सगळी जोडणी) धरून चाललोय: आय-बीम अ‍ॅक्सल, 1937 ते 1948 दरम्यानच्या फोर्डचे स्पिंडल (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) किंवा त्यांच्या नव्या नकला, आडवा कमानपाटा, हेअरपिन (अ‍ॅक्सल फ्रेमला धरणारे V आकाराचे दांडे). ट्यूब अ‍ॅक्सल घेतला असेल तर हेअरपिन विसरा, फोर-बार (दर बाजूला दोन समांतर दांडे) लावा. एक चाक खड्ड्यात गेलं की आय-बीम पिळ खातो. नळी खात नाही, मग कुठलं तरी ब्रॅकेट तडकतं.

जॅक स्टँड, पाने, टॉर्क रेंच हे सांगायला नको. किंगपिनचा किट (स्पिंडल ज्या पिनवर वळतो ती पिन, तिचे बुश वगैरे) आणि रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) आणाच, आणि ग्रीस गन भरून पहिल्या दिवशीच हाताशी ठेवा. ती शेवटी लागते असं सगळ्यांना वाटतं. चूक.

स्पिंडलमध्ये बुश (किंगपिनभोवतीची छोटी नळी) दाबण्याआधी बुशचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोटीच्या) भोकासमोर आणा. बुशच्या कडेवर मार्करने एक रेघ, स्पिंडलवर दुसरी, आणि रेघेला रेघ जुळली तरच प्रेस खाली. दोन स्पिंडल, चार बुश, चार भोकं. दाबताना बुश जरासा फिरतो, म्हणून निपल काढून बारीक तार आत घालून बघा. तार अडली की बुश बाहेर. दुसरा इलाज नाही.

नवे बुश मुद्दाम घट्ट असतात, ते रीम करावे लागतात. वरचा-खालचा एका रेषेत कापणारा पायलटवाला रीमर हवा. नसेल तर मुकाट्याने मशीन शॉपला द्या. तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबली की सरकावी, पण डुगडुगू नये. आता रीमरचा कीस कुठे जातो? त्याच भोकात. म्हणून धुवायचं, परत तार घालायची, निपल बसवून ग्रीस गन मारायची आणि चारही बुशांच्या आत ग्रीस डोळ्यांनी बघायची. पिन घालायच्या आधी! पिन गेली की आतलं काही दिसत नाही. भोक बुजलेलं असेल तर पिन कोरडी फिरते, स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेक, हब, टाय रॉड सगळं परत उतरवावं लागतं.

थ्रस्ट बेअरिंग अ‍ॅक्सलच्या खाली, बंद बाजू वर. वरच्या फटीत शिम (पातळ चकती). तीन ते पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खेळ पुरे. पिनची खाच लॉक पिनच्या समोर आणा. आणि लॉक पिन ठोकण्याआधी: भोकं बघितलीत? चारही?

कमानपाट्याचा मधला बोल्ट क्लॅम्प लावल्याशिवाय सोडू नका, पट्ट्या उसळतात आणि हात जातो. शॅकलचा (कमानपाट्याचं टोक धरणाऱ्या दुव्याचा) कोन गाडीवर वजन आल्यावर साधारण 45 अंश हवा. रिकाम्या फ्रेमवर काहीच ठरवू नका.

कॅस्टरचंही (किंगपिनच्या मागच्या झुकावाचंही) तेच. इंजिन-गिअरबॉक्स चढवा, फ्रेम राइड हाइटला आणा, किंगपिनचं वरचं टोक 6-7 अंश मागे झुकवा आणि ब्रॅकेट नुसते टॅक करा (ठिपक्यापुरतं वेल्ड). पक्कं वेल्डिंग नंतर. क्रॉस स्टीअरिंग (ड्रॅग लिंक, म्हणजे स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा, आडवा) असेल तर पॅनहार्ड बार (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) लागतोच, ड्रॅग लिंकला समांतर आणि जवळपास तेवढाच लांब. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळेल.

टो-इन (चाकं पुढच्या बाजूला जरा आत वळलेली असणं) 1/16 ते 1/8 इंच. मास्टर सिलिंडर फरशीखाली असेल तर रेसिड्युअल व्हॉल्व्ह (ब्रेकच्या नळीत थोडा दाब राखणारा): डिस्कला 2 पौंडांचा, ड्रमला 10 चा. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची होज कुठे घासते ते बघा. कॉटर पिन जुन्या वापरू नका. बेअरिंग, चाकं नेहमीसारखी. निपलना एकदा ग्रीस गन मारून घ्या, चारही. पन्नासेक मैलांनी यू-बोल्ट परत आवळा आणि टो-इन पुन्हा मोजा.