दादा कोण, हे गिनीपिगांनाच ठरवू द्या

भुरा घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि आमचा खंडू वर्षाचा. दोघेही नर. समोरासमोर येताच खंडूनं घशातून घुर्रर्र आवाज काढला आणि ढुंगण डोलवत, एकेक पाय सावकाश टाकत भुऱ्याभोवती फिरायला लागला. मग सरळ त्याच्या अंगावर चढला. मी घाबरून भुऱ्याला उचललं. थोड्या वेळानं सोडलं, परत तेच, परत उचललं. त्यांची बोलणी दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होती, आणि मोडत होते ते मी. हे कळायला दोन दिवस गेले.

तर आधी जागा. पहिली भेट जुन्या गड्याच्या पिंजऱ्यात नको; दोघांनाही अनोळखी अशी मोकळी फरशी घ्या. मधोमध सुक्या गवताचा ढीग, खायची भांडी दोन, पाण्याच्या बाटल्या दोन. लपायच्या खोक्याला दोन दारं हवीतच. एकच दार असलं की आतला कोंडला जातो आणि खरी मारामारी तिथेच होते.

मग हात मागे बांधून बसा. घुरघुर, पाठलाग, अंगावर चढणं, ढुंगण जमिनीला घासून वास लावणं, हे सगळं चालतं. माद्याही एकमेकींवर चढतात, विशेषतः माजावर आल्या की, म्हणजे साधारण दर 16 दिवसांनी. दोघं समोरासमोर हनुवटी वर वर नेतात, ती तर बघण्यासारखी गंमत असते. ज्याची आधी खाली येते तो हरला.

दादागिरी करणाऱ्याकडे बघू नका, नमतं घेणाऱ्याकडे बघा. भुरा चिरकत पळायचा, पण दोन मिनिटांत येऊन त्याच ढिगातलं गवत खायचा. म्हणजे ठीक. तो कोपऱ्यात बसून राहिला, खायलाच येईना, तर मात्र जोडी जमत नाही.

दात सतत कटकटायला लागले, मानेवरचे केस उभे राहिले, की सावध व्हा. एकमेकांना धरून गोळा होऊन लोळले किंवा रक्त दिसलं, तर लगेच वेगळे करा. त्यासाठी जाड टॉवेल किंवा केराची सुपली मध्ये घाला. हात घालू नका. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

नर चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत वयात येत असतात, तेव्हा जमलेली जोडीही बिनसते. भुऱ्यानंही सहाव्या महिन्यात उचल खाल्ली. तिसरा नर आणू नका. आणि ‘मादी आणली की शांत होतील’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नका, पुढच्या भांडणाचं कारणच आणाल.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मध्यंतरी खंडूची घुरघुर अचानक बंद पडली आणि भुरा त्याला गवतावरून ढकलू लागला. मला वाटलं, सत्तापालट झाला. वजन केलं तर 80 ग्रॅम उतरलेलं. मागच्या दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. आता दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन होतं, आणि डॉक्टरकडे एकाला न्यायचं असलं तरी टोपलीत दोघंही बसतात, नाहीतर परतल्यावर दवाखान्याच्या वासानं ओळख विसरतात.