बोट बधिर होतंय? आधी कोणतं ते बघा

आमची आई निपाणीत विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान चिमटीत धरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा; दिवसभर हेच. मागं ती रात्री दोन-अडीचला उठून हात झाडत बसायची. "बोटं मेल्यागत झाल्यात गं," म्हणायची. मी स्वतः आशा कार्यकर्ती, तरी वायू समजून सहा महिने तेल चोळलं. तुमचे महिने तसे जाऊ नयेत.

कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवा आणि बधिर भाग काळा करा. आईनं अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि चौथ्या बोटाची अर्धी बाजू काळी केली. करंगळी कोरी! म्हणजे मनगटात नस दाबलेली. रात्री वाढतं, हात झाडला की बरं वाटतं. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं मिनिटभर वाकवून धरा. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. गरोदरपणात आणि थायरॉईड कमी असेल तरी हे होतं. आईला डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, आता ती सलग झोपते.

करंगळी आणि चौथ्या बोटाची तिच्याकडची अर्धी बाजू काळी झाली तर कोपराकडं बघा. कोपर टेकून बसणं, हात दुमडून तासन्‌तास फोन धरणं सोडा. मानेतून हातात कळ उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. एकच बोट असेल तर घट्ट अंगठी किंवा कात्रीची कडी रुततेय का, तेही तपासा.

दोन्ही हात आणि पायही बधिर असतील तर रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथं टोचलेलं कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. बायका हे लपवतात, लपवू नका गं. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि पूर्ण घेतलं की रोग बरा होतो.

एकाएकी एका बाजूचा हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८.

बाकी वेळी तो कागद डॉक्टरांकडं न्या. अंगठ्याच्या बुडाचं मांस खपाटीला गेलं असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंतही थांबू नका.