रेंजफाइंडरवर रोल वाया घालवायचे नसतील तर या चुका टाळा

याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या फिल्म रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरचा माझा पहिला रोल धुऊन आला, तेव्हा त्यातल्या सात फ्रेम साफ कोऱ्या. कॅमेरा ठणठणीत होता. मी लेन्सची टोपीच काढली नव्हती.

एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, टोपी राहिली तर डोळ्यापुढे अंधार येतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो, त्यामुळे समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं. इलेक्ट्रोचा प्रकाश मोजणारा डोळाही लेन्सच्या बाहेर, वरच्या पट्टीत आहे, म्हणजे तोही बिचारा काही बोलत नाही. टोपी घरीच ठेवा आणि ५५ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर लावून टाका. फेड, झोर्की (हे सोव्हिएत रेंजफाइंडर) किंवा जुनी लायका असेल तर मात्र हे करू नका. त्यांचा शटर म्हणजे कापडी पडदा. लेन्स उन्हाकडे रोखून राहिली तर भिंगाने कागद जाळतात तसं त्या पडद्याला भोक पडतं. इलेक्ट्रोचा शटर लेन्सच्या आत, धातूच्या पात्यांचा, त्याला ही भीती नाही.

फेड-झोर्कीवाल्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी: आधी फिल्म पुढे नेणारी कळ ओढायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

रोल भरताना झाकण लावलं की रिवाइंडची मूठ हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. मग कळ ओढताना ती मूठ उलटी फिरतेय ना, बघा. फिरत नसेल तर फिल्म आतल्या चकरीत गुंतलेलीच नाही, पुढे सरकतच नाहीये. नंबर मात्र पुढे सरकत राहतो, त्याच्यावर विसंबू नका. छत्तीसचा रोल चाळीसच्या पुढे गेला की आपण खूश होतो, तेव्हाच खरं तर धडकी भरायला हवी.

सेलचा घोळ वेगळाच. इलेक्ट्रोला मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल अ‍ॅडॉप्टर घालून बिनधास्त चालतो. कॅननच्या कॅनोनेट क्यूएल१७ रेंजफाइंडरमध्ये मात्र १.३५ च्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातलात तर मीटर जास्त प्रकाश दाखवतो आणि फोटो काळपट येतात. तिथे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल बरा. कागद सोलल्यावर दोनेक महिन्यांत संपतो, पण स्वस्त आहे. इलेक्ट्रोचा सेल वाटेत संपलाच तर शटर १/५०० सेकंदावर चालतो: ४०० आयएसओची फिल्म, कडक ऊन, अ‍ॅपर्चर एफ/१६, काम झालं.

विकत घेतानाच इलेक्ट्रोची कळ ओढून कान द्या. आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. नसेल तर आतल्या रबराचा भुगा झालाय आणि एक्स्पोजरचा भरवसा नाही.

फोकससाठी दुहेरी प्रतिमा जुळवायचा, खिडकीत दिसणारा पिवळा ठिपका पुसट झाला असेल तर खिडकीच्या बाहेरच्या काचेवर मध्यभागी काळ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवा. ठिपका उठून दिसतो. हसू येईल, पण करून बघा.

आणि मूळ चामडी केस. दिसते झकास, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि लेन्सवर बुरशीच्या जाळ्या धरतात. जूनमध्ये कॅमेरा केसमधून काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. केस कपाटात एकटी राहू दे.